शास्त्रीबुवांचा न दिलेला निकाल

फार जुनी गोष्ट. एका डोंगराळ राज्यात एक शास्त्रीबुवा राहत. तर्कशास्त्रात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. अवघड खटला आला की राजा त्यांनाच बोलावी आणि ते सांगतील तोच निकाल होई. बुद्धी लावली की उलगडणार नाही असे जगात काही नाही, असे ते शिष्यांना अभिमानाने सांगत.

एकदा देवीच्या उत्सवात गावजेवण झाले. पंगती उठल्या आणि लोकांना उलट्या सुरू झाल्या. बाकीचे सावरले, पण देवळातले वृद्ध पुजारी दगावले. ज्यांनी मठ्ठा घेतला तेवढेच आजारी पडले होते. मठ्ठा केला होता सगुणा नावाच्या परगावच्या स्वयंपाकिणीने. तिने स्वतः त्याचा थेंबही तोंडी लावला नव्हता आणि आदल्याच दिवशी पुजाऱ्यांशी तिचे भांडण झाले होते. लोकांनी तिला धरून दरबारात नेले. विषप्रयोगाला शिक्षा एकच होती, सुळाची.

शास्त्रीबुवांना प्रकरण सरळ वाटले. पण निकालाआधी उलट बाजू स्वतःच मांडून पाहायची, ही त्यांची शिस्त. ती मांडू लागले आणि थबकले. वैर एकट्या पुजाऱ्यांशी, मग ती साऱ्या गावाला विष कशाला घालील? मठ्ठा घेतला नाही, पण त्या दिवशी तिचा निर्जळी उपवास होता. मग वाटले, विष घालणारी बाई मुद्दाम उपवासाचाच दिवस निवडील. इकडून पाहावे तर ती दोषी, तिकडून पाहावे तर निर्दोष. दोन्ही बाजू सारख्याच भक्कम.

शेवटी ते बंदिखान्यात गेले आणि तिलाच विचारले.

"मी काही घातलं नाही," सगुणा म्हणाली. मग पुढे म्हणाली, "पण माझं कोण ऐकतंय? उद्या तुम्ही बोलाल तेच खरं धरतील, शास्त्रीबुवा."

ते परतले. आपला शब्द सत्य शोधणार नव्हता, तोच सत्य ठरणार होता. या विचाराने त्यांना घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. राजाने निकाल विचारला. शास्त्रीबुवा उठून उभे राहिले.

"महाराज, मला कळत नाही."

दरबारात कुजबुज झाली. म्हातारपणी बुवांची बुद्धी चळली, असे कोणीतरी म्हणाले. राजाच्या कपाळाला आठी पडली. "मग तुमच्या बुद्धीचा उपयोग काय?"

"लोक मठ्ठ्यानेच आजारी पडले, इथपर्यंत बुद्धीने मला आणलं. पुढे जे बोलेन तो अंदाज असेल, हेही तिनेच दाखवलं. अंदाजावर कुणाचा जीव घेऊ नये, महाराज."

पुरावा मिळेपर्यंत शिक्षा थांबवावी आणि बाईला कैदेत ठेवावे, असा राजाने हुकूम दिला.

पुढच्या पौर्णिमेला देवळात पुन्हा जेवण झाले. या वेळी स्वयंपाक दुसऱ्याच बाईने केला होता, तरीही मठ्ठा घेणाऱ्यांना उलट्या झाल्या. सुदैवाने कोणी दगावले नाही. सगुणा तर कुलपाआड होती! शास्त्रीबुवा तडक देवळात गेले. मठ्ठा केल्यावर तो कशात ठेवता, असे त्यांनी वाढप्यांना विचारले. त्यांनी तांब्याचे मोठे घंगाळ दाखवले. त्याची आतली कल्हई पार उडाली होती. आंबट मठ्ठा उघड्या तांब्याला लागून तासन् तास कळकत राही आणि त्याचेच विष होई.

सगुणेला सोडायला शास्त्रीबुवा स्वतः गेले. बाहेरच्या उन्हात आल्यावर ती हुंदके देऊन रडली, मग पदराने तोंड पुसून आपल्या गावच्या वाटेला लागली. ती वळणाआड दिसेनाशी झाली तेव्हा बुवा तिथेच एका दगडावर टेकले. छातीवरचे ओझे उतरले होते. कितीतरी दिवसांनी त्यांनी मोकळा श्वास घेतला.

तात्पर्य: बुद्धी नेईल तिथवर निर्धास्त जावे, पण ती थांबेल तिथे ‘मला कळत नाही’ म्हणावे, तेही शहाणपणच आहे.