बोरटेकच्या सतरंजीचा कापलेला कोपरा

आमच्या बोरटेकमध्ये घरसभेची अखंड सतरंजी सापडायची नाही. लग्नाच्या मांडवात सापडेल, शाळेत सापडेल. पण ज्या सतरंजीवर गल्लीतली माणसं प्रार्थनेला बसतात, तिचा दाराकडचा कोपरा कापलेलाच असतो. कड शिवलेली नसते, ठिगळ लावलेलं नसतं. दोरे लोंबत असतात आणि त्या जागी खालची शेणानं सारवलेली जमीन दिसते. हल्ली फरशी दिसते.

चर्चची मंडळी वाढवायची कशी, हे शिकायला बाहेरगावचे लोक गाड्या करून आमच्याकडे येतात. एका घरसभेतून दुसरी, दुसरीतून तिसरी काढण्यात बोरटेकचा हात धरणारं कुणी नाही, अशी ख्याती आहे. ते चहा घेतात, गाणी ऐकतात आणि मग हमखास कुणीतरी विचारतं, "उंदरांनी खाल्ली का हो सतरंजी?"

उत्तर द्यायचं लूकमामांनी. ते इथल्या चर्चमधले सगळ्यांत जुने वडीलधारे. पण गुडघे गेल्यापासून ते चर्चच्या पायरीवर बसतात आणि पाहुण्यांना माझ्याकडे धाडतात. "तिकडं जा, आमची सूनबाई शिकलेली हाय, तारीखवार सांगंल." तारीख मला एकही ठाऊक नाही. मी सून, तीही लेकरू कडेवर घेतलेली. निम्मं लक्ष पाहुण्यांकडे आणि निम्मं लेकीच्या नाकाकडे. तरी मामांकडून जसं ऐकलं तसं सांगते. चुकलं तर माझ्या माहेराला नावं ठेवता येतील, ती सोय आहेच.

गावात चर्चची इमारत नव्हती तेव्हाची गोष्ट, असं सांगतात. गावाबाहेर टेकाच्या उतारावर सारजाबाई नावाची एक विधवा राहायची. केरसुण्या बांधून पोट भरायची. नवरा धनगराच्या मेंढ्या राखायचा. तो गेल्यावर आणि तिनं बाप्तिस्मा घेतल्यावर सासरच्यांनी तिला बाहेर काढलं. निघताना तिच्या एका हातात रिबका होती, तिची लेक, आणि दुसऱ्या हातात नवऱ्याला मजुरीत मिळालेली काळी घोंगडी. भलीमोठी घोंगडी होती म्हणे. मायलेकी एका टोकावर निजायच्या आणि उरलेली पांघरायच्या.

सारजाबाईला देवाकडून फार काही नको होतं. आपल्यामागं लेक एकटी पडू नये, चार माणसं तिला नावानं हाक मारणारी असावीत, एवढंच हवं होतं. म्हणून संध्याकाळी ती घोंगडी अंगणात अंथरायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायची, "बसा की घटकाभर." दोरखंड वळणाऱ्या बाया बसू लागल्या. त्यांचे नवरे बसू लागले. कुणी गाणं म्हणे, कुणी ऐकलेलं वचन सांगे. बोरटेकची पहिली घरसभा ती. तिला कुणी घरसभा म्हणत नसे. "घोंगडीवर जाऊन येतो," असंच म्हणत. आजही आम्ही गटाला घोंगडीच म्हणतो.

एका थंडीत रिबकाला ताप भरला. उतरेना. तेव्हा घोंगडीवरची सगळी माणसं तिच्या उशाशी आली. बायांनी पाळ्या लावल्या. कुणी काढा उकळला, कुणी कपाळावर पट्ट्या ठेवल्या, कुणी नुसतीच गुडघ्यावर बसून राहिली. एका सकाळी लेकीनं डोळे उघडले आणि भाकरी मागितली. सारजाबाईनं तिथेच, सगळ्यांदेखत, घोंगडीवर हात ठेवून नवस केला. आपल्यात नवस म्हणत नाहीत, वचन म्हणतात. पण मामा नवसच म्हणतात. "माझ्या लेकराला या माणसांनी वाचवलं. या घोंगडीतलं देवाच्या नावानं जो मागंल, त्याला मी नाही म्हणायची नाही."

इथे पाहुणे सहसा "आमेन" म्हणतात. मी थांबते. मला इथून पुढचं सांगायला नको वाटतं.

दानीएल पाळक, मंडळीचे धर्मगुरू, तेव्हा घोड्यावरून गावोगाव फिरत. भले गृहस्थ होते, असंच सगळे सांगतात, आणि माझाही त्यावर विश्वास आहे. त्यांनी पाहिलं, सारजाबाईची घोंगडी भरून माणसं मातीवर बसताहेत. त्यांना भरून आलं. ते म्हणाले, "सारजाबाई, इतकं दही एकाच गाडग्यात ठेवून काय करायचं? विरजण दुसऱ्या दुधात घालू या. दोरवाल्यांच्या आळीला त्यांची वेगळी घोंगडी होऊ दे."

"त्यांच्याकडं घोंगडी कुठाय?"

"तुझ्यातली एक पट्टी दे. देवाच्या नावानं मागतो."

तिनं केरसुण्या कापायचा विळा घेतला आणि पट्टी कापून दिली. दोरवाल्यांनी ती एका तरटाच्या कोपऱ्याला शिवली आणि आपल्या आळीत अंथरली. नवी माणसं आली, तरट भरलं. मग ओढ्यापलीकडच्यांना पट्टी हवी झाली. मग मळ्यातल्या वस्तीला. नवी घोंगडी बसवायला दर वेळी सारजाबाईलाच बोलावणं यायचं. "तुझ्या हाताला गुण आहे, तूच बसवून दे." ती लेकीला घेऊन जायची, चार महिने तिथं बसायची, माणसांना एकमेकांची सवय लावायची आणि परत यायची. तोवर तिच्या अंगणातली चांगली माणसं पुढच्या घोंगडीसाठी निवडलेली असायची.

एकदा ती म्हणाली म्हणे, "पाळकसाहेब, विरजण लावतानासुद्धा चमचाभर मागं ठेवतात. माझ्या गाडग्यात काही ऱ्हाऊ द्या."

पाळक हसले. "तुला काय कमी आहे? सगळ्या घोंगड्या तुझ्याच."

हे वाक्य पाहुणे लिहून घेतात. मी सांगते, थांबा.

शेवटी उरलेला तुकडा इतका लहान झाला की त्यावर सभा बसेना. अंगणातली उरलीसुरली माणसं जवळच्या मोठ्या ओसरीवर बसू लागली. रिबकाला पांघरायला तेवढा तुकडा राहिला. गळ्यापाशी ओढला की पाय उघडे पडायचे.

आणि पुन्हा थंडी आली, पुन्हा लेकीला ताप भरला. नाताळ जवळ आला होता. सगळ्या घोंगड्यांवर गाण्यांच्या तालमी चालल्या होत्या. लेकीला टाकून सारजाबाईला हलता येईना. ती दारात उभी राहायची. माणसं येतील, मागं आली होती तशी, असं तिला वाटत होतं. पाण्याला निघालेली दोरवाल्यांची एक बाई दिसली.

"सारजाक्का, दिसली नाहीस गं?"

"रिबीला ताप हाय."

"अगं बाई! मग वड्यापलीकडच्यांना सांगितलंस का? तू त्यांच्यात बसतीस ना आता?"

"मी त्यांच्यात नाही."

"मग मळ्यातल्यांना कळवते हां. येतील ती. मी आले असते, पण आमच्या गाण्याला मी उचलून धरल्याबिगर कुणाचा आवाजच निघत न्हाई."

त्या बाईनं मळ्यात निरोप दिला. तिथले म्हणाले, "ती वड्यापलीकडच्या घोंगडीवर असती." ओढ्यापलीकडचे म्हणाले, "इथनं ती कवाच गेली. वसरीवर असंल." ओसरीवरचे म्हणाले, "तिला काय कमी? सगळ्या घोंगड्या तिच्याच." त्यांच्यात दुष्ट कुणी नव्हतं. प्रत्येकानं तिची आठवण काढली, तिच्या लेकीसाठी प्रार्थनाही केली आणि आपण सोडून दुसरं कुणीतरी तिच्या उशाशी बसलंय असं मनात धरलं.

रिबका गेली. उशाशी आई होती. दुसरं कुणी नव्हतं.

पुढचं मामा अगदी हळू सांगतात. लेकीला झाकून सारजाबाई विळा घेऊन निघाली. सभांची वेळ होती. ती आधी दोरवाल्यांच्या आळीत गेली, दारात उभी राहिली. लोक सरकले. "ये सारजाक्का, बस."

ती बसली नाही. तिनं विचारलं, "आज कोण नाही?"

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कुणाची जागा रिकामी दिसेना. म्हणाले, "सगळे आहेत."

तेव्हा तिनं वाकून तरटाच्या कोपऱ्याची आपली पट्टी विळ्यानं कापून घेतली आणि निघाली. ओढ्यापलीकडे गेली. "आज कोण नाही?" "सगळे आहेत." पट्टी कापली. मळ्यात गेली. तिथंही तेच. शेवटी ओसरीवर आली, तिथं दानीएल पाळक स्वतः बसले होते. त्यांनी तिच्या खांद्यावरच्या काळ्या पट्ट्या पाहिल्या, विळा पाहिला. तिनं विचारायच्या आधीच ते उठून उभे राहिले. "रिबका कुठे आहे?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्या गावात त्या थंडीत पहिल्यांदा कुणी विचारला, असं सांगतात.

तिनं त्या पट्ट्या आणि घरातला उरलेला तुकडा केरसुणीच्या सुतळीनं एकत्र शिवला. घोंगडी पुन्हा पहिल्याएवढी झाली. तिच्यात लेकीला गुंडाळलं, पायसुद्धा झाकले गेले, आणि टेकाच्या उतारावर पुरलं. आता सगळं गाव आलं होतं. एवढी माणसं तिच्या दारी आधी कधी जमली नव्हती.

त्यानंतर सारजाबाई गाव सोडून गेली, असं मामा म्हणतात. दुसरे सांगतात की ती इथेच राहिली, चर्च झाल्यावर चर्चसाठीही केरसुण्या बांधून द्यायची, पण कुठल्याच घोंगडीवर परत बसली नाही. मला दुसरं खरं वाटतं. बी.एड.ला पुरावा तपासायला शिकवलं होतं. इथे पुरावा काहीच नाही. गेलेली बाई विसरता येते आणि हे गाव तिला विसरलेलं नाही, एवढ्यावरून म्हणते.

तरटांचे कोपरे कुणी शिवले नाहीत. दानीएल पाळकांनी शिवू दिले नाहीत. त्यांनी नेम घालून दिला, नवी घोंगडी निघाली की आधी तिचा कोपरा कापायचा, आणि कुठलीही घोंगडी बसली की गाण्याच्याही आधी विचारायचं, "आज कोण नाही?" ज्याचं नाव निघेल त्याच्या घरी एकानं उठून जायचं आणि तो परत येईपर्यंत प्रार्थना थांबवायची. बरीच वर्षं लोक तसं उठून जात होते म्हणे. प्रार्थनेला उशीर व्हायचा, चुलीवरचं करपायचं, कुरकुर व्हायची. पण जात होते.

पाहुण्यांना हा प्रश्न फार आवडतो. ते कोपऱ्याचे फोटो काढतात. परवा एक गृहस्थ म्हणाले, "उत्तम पद्धत आहे, आमच्याकडे सुरू करतो." मी मान हलवली. नव्या गटांत ती कितपत चालते, असं त्यांनी विचारलं. चालते, म्हटलं. खोटं नव्हतं ते.

आमच्या गल्लीची घोंगडी गेल्या महिन्यात भरून वाहायला लागली, तेव्हा तिच्यातून नवी काढायची ठरली. मी जुनीत राहणार की नवीत जाणार, हे विचारलं तेव्हा लेकीला दात येत होते. मी दोन्हीकडे "बघते हां" म्हणाले. त्यानंतर ती तापली, मग पोट बिघडलं, मग पुन्हा तापली. नवी घोंगडी आमच्या शेजारच्याच घरात बसते, मधे एक भिंत. पहिल्या सभेच्या संध्याकाळी मी लेकीला खांद्यावर घेऊन या खोलीत फेऱ्या मारत होते. तिचा गाल माझ्या मानेला भाजत होता. भिंतीपलीकडे नवी सतरंजी झटकल्याचा आवाज आला, मग कात्रीचा. जाड कापड होतं, कात्री अडत होती. कुणीतरी हसून म्हणालं, "जपून, बोट कापशील."

आजही बोरटेकमध्ये सभा बसली की गाण्याच्याही आधी तो प्रश्न विचारतात. विचारायला कुणी कधी विसरत नाही. उत्तरही ठरलेलं आहे, आमेनसारखं, लहान मुलांनासुद्धा पाठ.

"आज कोण नाही?"

"सगळे आहेत," पलीकडे सगळे एका सुरात म्हणाले. आणि भिंतीच्या अलीकडे, लेकीच्या पाठीवर थोपटता थोपटता, मीही त्यांच्याबरोबर म्हणून गेले.