भार्गवरामानं पाठवलेली कोरी पुस्तकं

आंबेडोह नावाच्या गावात भार्गवराम नावाचा एक भोळा नवरा राहत होता. स्वभावानं गाईसारखा. सांगितलेलं काम कधी टाळायचा नाही. फक्त सांगितलं असेल तेवढंच करायचा. "गाडी आली की चढा" असं त्याला कुणी म्हटलं, तर कुठली गाडी हे तो विचारत नसे. आली की चढायचा.

त्याची बायको शालन. प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेली, वाचनाची भयंकर हौस. कुणाच्या तरी ओळखीनं ती एका जागतिक मराठी वाचक मंडळात शिरली होती. टोरांटो, मेलबर्न, दुबई, सिंगापूर, नैरोबी अशा ठिकाणची मराठी माणसं महिन्यातून एकदा कॉम्प्युटरवर जमायची आणि एका पुस्तकावर बोलायची. अध्यक्ष टोरांटोच्या हेमांगीताई. त्यांच्या पाठीमागे पुस्तकांची भिंतच होती. शालनच्या पाठीमागे दाण्यांचा डबा आणि कॅलेंडर होतं, त्यामुळे ती बोलताना जरा दबूनच असायची.

एकदा हेमांगीताईंनी जाहीर केलं, "या वेळी आपण एक दुर्मीळ कादंबरी घेऊ. जहाजावरच्या एका आचाऱ्याची गोष्ट आहे. पण आवृत्ती संपून जमाना झाला. इकडे मिळणं अशक्य."

शालनला स्फुरण चढलं. "मी मिळवते!" ती म्हणाली. "मी महाराष्ट्रात आहे ना! प्रत मिळाली की पानांचे फोटो काढून सगळ्यांना पाठवते."

पडद्यावरच्या सगळ्या खिडक्यांतून टाळ्या पडल्या. शालन आनंदानं उठली, कॉम्प्युटरच्या वायरीत पाय अडकला, आणि घोट्याचं हाड मोडलं. पायाला प्लास्टर लागलं. आता पुस्तक मिळवायला घरात एकच माणूस शिल्लक होता.

"अहो," शालन म्हणाली, "जिल्ह्याच्या गावी बेंद्र्यांचं जुन्या पुस्तकांचं दुकान आहे. तिथं ही कादंबरी आहे का, जरा बघून या."

भार्गवराम पहिल्या एसटीनं गेला. कादंबरी होती. त्यानं ती पुढून बघितली. मागून बघितली. उघडून बघितली, मिटून बघितली, उजेडात धरून बघितली. मग परत फळीवर ठेवली आणि शेवटच्या एसटीनं घरी आला.

"मिळाली?" शालननं विचारलं.

"आहे ना. निळी आहे. कोपरा उंदरानं खाल्लाय."

"द्या बघू!"

"काय?"

"कादंबरी!"

"ती दुकानात आहे. तू बघून या म्हणालीस. मी अगदी नीट बघितली."

शालननं तिथल्या तिथं दुकानात फोन लावला. बेंद्रे म्हणाले, "बाई, आत्ताच गेली हो! एक गृहस्थ सकाळपासून तेच पुस्तक न्याहाळत बसले होते. ते बघून एका गिऱ्हाइकाला वाटलं, काहीतरी मौल्यवान असणार. घेऊन गेला."

शालननं कपाळावर हात मारला. "अहो, पुस्तक दिसलं की बघत बसायचं नसतं! उचलायचं, पिशवीत टाकायचं आणि थेट घर गाठायचं. कळलं?"

भार्गवरामानं मान डोलावली. पटलं त्याला.

तालुक्याच्या वाचनालयात एक प्रत असल्याचं शालनला फोनाफोनी करून कळलं. भार्गवराम पिशवी घेऊन गेला. आत खिडकीशी निवृत्त तलाठी आबा खानोलकर बसले होते आणि नेमकी तीच कादंबरी वाचत होते. भार्गवरामाला पुस्तक दिसलं. त्यानं ते आबांच्या हातातून उचललं, पिशवीत टाकलं आणि निघाला.

"अरे! अरे!" आबा ओरडले. "आचारी आत्ताच समुद्रात पडलाय!"

भार्गवराम थांबला नाही. थेट घर गाठायचं होतं.

तो अंगणात पोचतो न पोचतो तोच मागून रिक्षा आली. रिक्षातून आबा आणि ग्रंथपालबाई उतरल्या. आबांनी पुस्तक घेतलं आणि पुस्तकाबरोबर पिशवीत गेलेला आपला चष्माही घेतला. ग्रंथपालबाईंनी शालनला दारातूनच सांगितलं, "तुमच्या घरात यापुढे वाचनालयाचं एकही पुस्तक येणार नाही. मासिकसुद्धा नाही."

रिक्षा गेल्यावर शालनला रडू आलं. तीस वर्षं ती त्या वाचनालयाची सभासद होती. भार्गवराम तिच्याजवळ स्टूल ओढून बसला. त्यालाही वाईट वाटत होतं. नक्की कशाचं, ते मात्र समजत नव्हतं.

"अहो, लोकांच्या हातातलं पुस्तक घेतात का? ज्याचं पुस्तक आहे त्यानं स्वतःच्या तोंडानं 'घ्या' म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही!"

भार्गवरामानं मान डोलावली. हेही पटलं त्याला.

इकडे सिंगापूरच्या सभासदाला आपले पुण्याचे गद्रेमामा आठवले. मामांच्या कपाटात ती कादंबरी होती. मामा कुणाला पुस्तक देत नसत, पण भाच्यानं फारच गळ घातली म्हणून त्यांनी ते कुरियरनं आंबेडोहला पाठवलं. शालन आत झोपली होती. कुरियरवाला दारात आला.

"शालन मॅडमचं पार्सल."

"कुणाकडून?" भार्गवरामानं विचारलं.

"गद्रे, पुणे."

"म्हणजे पुस्तक गद्र्यांचं?"

"हो. पण तुमच्या मिसेसच्या नावावर आहे."

"नाव हिचं, पुस्तक त्यांचं. ते आलेत का बरोबर?"

"कोण?"

"गद्रे. त्यांच्या तोंडून 'घ्या' ऐकल्याशिवाय मला हात लावता येत नाही."

कुरियरवाल्यानं बरीच समजूत काढली. त्याला अजून बरीच गावं करायची होती. शेवटी त्यानं पार्सलवर 'घेण्यास नकार' असं लिहिलं आणि तो गेला. शालन उठल्यावर भार्गवरामानं हे मोठ्या अभिमानानं सांगितलं. या वेळी मोह आवरला होता त्यानं.

शालन अगदी सावकाश म्हणाली, "दारात चालून आलेली वस्तू परत पाठवायची नाही. माणसानं कागद पुढे केला की सही करायची आणि त्याला आत घ्यायचं. एवढं जमेल?"

"जमेल की," भार्गवराम म्हणाला. त्यात न जमण्यासारखं काय होतं?

दोन दिवसांनी बोअरवेल खणायची गाडी गावात शिरली. ती जायची होती खालच्या आळीत अंतू पाटणकरांकडे. ड्रायव्हर रस्ता चुकला आणि भार्गवरामाच्या दारात थांबला. त्यानं कागद पुढे केला.

"पाटणकरांचं काम ना? सही करा."

भार्गवरामानं सही केली. "आत या," तो म्हणाला.

"गाडी आत येईल?"

"येईल की. कुंपणाचा गडगा थोडा पडेल."

शालनला जाग आली ती पलंग हलायला लागला म्हणून. मांडणीवरची भांडी खाली येत होती. आधी तिला वाटलं भूकंप झाला. कुबड्या घेऊन ती दारापर्यंत आली, तर अंगण दिसेना. नुसती पांढरी धूळ. धुळीत भार्गवराम उभा होता आणि कामगारांना सरबत देत होता. अबोलीच्या वाफ्यात खोल भोक पडलं होतं. पाण्याचा पत्ता नव्हता.

"हे काय?" शालन किंचाळली.

"दारात चालून आलं," भार्गवराम म्हणाला. "मी परत नाही पाठवलं."

संध्याकाळी अंतू पाटणकर येऊन भांडून गेला, तेही आपलं भोक यांनी पळवलं म्हणून. शालनच्या अंगात आता ओरडायचं त्राण नव्हतं. "पुढ्यात आलेल्या कागदावरचं आधी एकेक अक्षर बघायचं हो," ती म्हणाली. "एकही अक्षर सोडायचं नाही. घाई करायची नाही."

भार्गवरामानं मान डोलावली. अक्षर न् अक्षर. बरोबर होतं तिचं.

तिकडे पार्सल परत आल्यामुळे गद्रेमामा भडकले होते. पुस्तक पुन्हा घराबाहेर जाणार नाही म्हणाले. पण भाच्यानं पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले, तेव्हा त्यांनी सगळ्या पानांचे फोटो काढून घेतले आणि फाइल पाठवायला कबूल झाले. अट एवढीच की फाइल एकच दिवस उघडी राहील. नेमकं त्याच दिवशी शालनला प्लास्टर दाखवायला हॉस्पिटलात जायचं होतं. शेजारीण तिला घेऊन जाणार होती.

"कॉम्प्युटर लावून ठेवलाय," रिक्षात बसता बसता शालननं बजावलं. "मामांची फाइल आली की लगेच उतरवून घ्या. संध्याकाळी बंद होणार आहे ती. बाकी काही करू नका, फक्त उतरवून घ्या!"

फाइल आली. भार्गवरामानं चष्मा पुसला, पेन्सिलीला टोक काढलं, कागद घेतले आणि उतरवायला बसला. तो जेवायला उठला नाही. मान अवघडली, बोटं दुखायला लागली, पण त्यानं एक अक्षर सोडलं नाही.

शालन दिवेलागणीला परत आली. "उतरवली?"

"सगळी नाही झाली गं. पण झाली तेवढी चोख आहे."

त्यानं कागद पुढे केला. वर लिहिलं होतं, 'सर्व हक्क स्वाधीन'. त्याखाली मुद्रकाचं नाव, पत्ता, जुळणी कुणी केली, बांधणी कुणी केली. मग अर्पणपत्रिका. मग शुद्धिपत्र. खाली एक जांभळं वर्तुळ होतं.

"हा मामांचा शिक्का," भार्गवराम म्हणाला. "वाटी ठेवून काढला. आणि हा चहाचा डाग. तो चहानंच काढलाय."

शालननं कॉम्प्युटरकडे पाहिलं. फाइल बंद झाली होती.

मग मात्र तिचा बांध फुटला. "मला पुस्तक हवं होतं हो! तुमची अक्षरं नको होती! यापुढे पुस्तकाच्या कामात तुमचं एक जरी अक्षर माझ्या नजरेला पडलं ना, तर बघा!"

भार्गवराम घाबरला. पुस्तक हवं, अक्षर नको. त्यानं मनाशी घोकून ठेवलं.

शनिवारी शालननं मंडळापुढे मान खाली घालून कबूल केलं की कादंबरी मिळाली नाही. हेमांगीताईंनी मोठ्या मनानं उसासा टाकला. "असू दे. तुमच्या गावात काय सोयी असणार! एक करा. दुसरं कुठलंही पुस्तक आम्हा सगळ्यांना पाठवून द्या. कथा, कादंबरी, काहीही. आम्ही वाचणारी माणसं आहोत, आम्हाला काही वर्ज्य नाही. फक्त पुस्तकं कोरी हवीत हं. मागे एकदा माझ्या प्रतीत कुणीतरी पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या, मला वाचवेचना."

'तुमच्या गावात' हे शालनला फार लागलं. तिनं कॉम्प्युटर बंद केला आणि पत्त्यांचा कागद नवऱ्याच्या हातात दिला.

"ऐकलंत ना? बाहेरच्या सगळ्यांना एकेक. बांधणी भारी बघा. आणि पुस्तकं कोरी पाहिजेत."

"कुठलं घेऊ?"

"तुम्हाला चांगलं दिसेल ते घ्या! मला काही विचारू नका!" असं म्हणून तिनं डोक्यावरून चादर ओढली.

भार्गवराम जिल्ह्याच्या गावी गेला. हे काम त्याला आजवरच्या सगळ्यांत सोपं वाटलं. त्यानं कापडी बांधणीची, सोनेरी कडांची, चांगली जाडजूड पुस्तकं निवडली. प्रत्येकाचं पान न् पान उलटून पाहिलं. कुठं अक्षर नव्हतं, खूण नव्हती, डाग नव्हता. तिथूनच पोस्टात जाऊन त्यानं ती पाचही मुलखांत रवाना केली.

पुस्तकं पोचल्याचे निरोप आले. 'काय देखणी प्रत!' असं दुबईनं कळवलं. 'हातात घेतल्यावरच कळलं, दर्जेदार आहे,' असं मेलबर्ननं. शालनला जरा बरं वाटलं, आणि मग भीती वाटायला लागली.

"अहो, मला एक प्रत ठेवायचीत की!"

"बाहेरच्यांना पाठवा म्हणालीस."

"बरं, पुस्तकाचं नाव काय?"

"नाव नव्हतं."

"लेखक?"

"तोही नव्हता."

विसरला, असं शालनला वाटलं. तिनं पुढे विचारलं नाही. सभेच्या दिवशी ती देवाचं नाव घेत कॉम्प्युटरपुढे बसली. भार्गवराम शेजारी स्टुलावर बसला. आपण निवडलेलं पुस्तक लोकांना आवडतंय का, याची त्याला काळजी लागली होती.

हेमांगीताईंनी पुस्तक छातीशी धरलं होतं. "काय बोलावं!" त्या म्हणाल्या. "लेखकानं वाचकासाठी केवढी जागा सोडली आहे!"

"मी तर एका बैठकीत संपवलं," मेलबर्न म्हणालं.

"मला मधला भाग किंचित संथ वाटला," दुबई म्हणाली. "पण शेवट अंगावर येतो."

"भाषा किती निर्मळ," सिंगापूर म्हणालं. "उगाच शब्दांचा फापटपसारा नाही."

"याचं इंग्रजीत भाषांतर व्हायला पाहिजे," नैरोबीनं सुचवलं. "मी करायला तयार आहे."

शालनचा जीव भांड्यात पडला. तिचे डोळे भरून आले. तिनं टेबलाखालून नवऱ्याचा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच या माणसानं एक काम धड केलं होतं.

"शालनताई," हेमांगीताई म्हणाल्या, "आम्ही तुमच्या गावाला कमी लेखलं, माफ करा. असं पुस्तक निवडायला नजर लागते. याच लेखकाचं आणखी एखादं मिळेल का हो?"

शालन काही बोलायच्या आत भार्गवराम पुढे सरकला. आनंदानं त्याचा चेहरा नुसता फुलला होता.

"मिळेल की!" तो म्हणाला. "दुकानात हवी तेवढी आहेत. पण आता एकरेघी पाठवू, दुरेघी पाठवू, का चौकटींचं?"