ठकू सुईणीची यादी

वेळगडच्या भानुराजाने दवंडी पिटवली, की ज्याचा जन्म वेळगडच्या मातीत झाला तोच वेळगडचा. बाकीच्यांनी आठ दिवसांत नदीपलीकडे, मोरखिंडीच्या राज्यात चालतं व्हावं.

कारण घडलं होतं जत्रेतल्या कुस्तीत. मोरखिंडीच्या पैलवानाने वेळगडच्या पैलवानाला चीत केलं आणि वेळगडच्याच काही माणसांनी टाळ्या वाजवल्या. डाव सुरेख होता म्हणून वाजवल्या, असं ती माणसं परोपरीने सांगत होती. पण राजा ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हता; टाळ्या वाजवणारे मुळात तिकडचेच असणार, असं त्याने धरून टाकलं.

आता कोण कुठे जन्मलं हे सांगणार कोण? प्रधानाने ठकू सुईणीचं नाव सुचवलं. राज्यात जन्मलेल्यांपैकी निम्मी माणसं तिच्या हातावर आली होती आणि उरलेली तिच्या सासूच्या. राजाने तिला बोलावून फर्मावलं, की परक्यांची यादी कर आणि आठव्या दिवशी दरबारात सांग. एक जरी नाव सुटलं, तर नदी ओलांडणारी पहिली तूच.

ठकूने एवढंच विचारलं, "महाराज, लहानमोठं बघायचं का?"

"अजिबात नाही," राजा म्हणाला.

ठकू घरी आली तर सून चंपा रडत बसलेली. ती मोरखिंडीची, तिला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं होतं. आता दवंडीमुळे तिला जावंच लागणार, परत यायची सोय नाही, आणि तिकडे जन्मलेलं मूलही परकंच ठरणार. तिचा नवरा अंगणात नुसता येरझारा घालत होता. ठकूने सुनेला पेज करून दिली. पिता पिता चंपा हुंदका देऊन म्हणाली, "आत्याबाई, पहिलं मूल सगळ्यांचंच आजोळी होतं. मग माझ्याच बाळाने काय केलंय?"

चुलीत लाकूड सारता सारता ठकूचा हात थांबला. तिने सुनेकडे नीट पाहिलं आणि ती हसली. म्हणाली, तू स्वस्थ पेज पी, यादीचं मी बघते.

आठव्या दिवशी दरबार खच्चून भरला. टाळ्या वाजवणारे गाठोडी घेऊन एका बाजूला उभे होते. ठकूला लिहिता येत नव्हतं, यादी तिच्या तोंडात होती. कारकुनाने टाक शाईत बुडवला आणि पहिलं नाव विचारलं.

ठकू राजाकडे वळून म्हणाली, "महाराज, पहिलं नाव आपलंच."

कारकुनाचा टाक हवेतच राहिला. ठकूने शांतपणे सांगितलं, की थोरल्या बाईसाहेब मोरखिंडीच्या राजकन्या. महाराज त्यांचे थोरले, म्हणून बाळंतपण माहेरी झालं. आपली सासू त्यांच्या मेण्यामागून चालत तिकडे गेली होती.

राजाने पडद्याकडे पाहिलं. पडद्याआडून राजमातेचा आवाज आला, "खरं आहे. तीन दिवस छळलंस."

दुसरं नाव प्रधानाचं निघालं, तिसरं सेनापतीचं. दोघेही घरातले थोरले, आणि दोघांच्याही आया पलीकडच्याच. राज्य ते एवढंसं, निम्म्या सुना तिकडून आणलेल्या आणि निम्म्या लेकी तिकडे दिलेल्या.

प्रधान घाबरून म्हणाला, "अगं, मग इथे राज्य कोण करणार?"

"मोरखिंडीचे राजे आहेत की. त्यांच्या आईसाहेब म्हणजे आपल्या महाराजांच्या आत्याबाई. त्या पहिल्या खेपेला इथे, याच वाड्यात बाळंत झाल्या. दवंडीप्रमाणे वेळगडचे खरे तेच. त्यांना इकडे बोलवावं आणि महाराजांनी तिकडे जावं."

राजाचा चेहरा लालबुंद झाला. तो म्हणाला, जन्माचं सोड, पण मग आपला कोण हे ओळखायचं कसं, ते आत्ता इथे सांग. नाहीतर तूही गाठोडं बांध.

ठकू म्हणाली, "महाराज, मूल कुणाचं हे मी जमिनीला विचारत नाही. ते रडलं की कोण धावतं ते बघते. गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी गावच्या वैरणीला आग लागली. पहिल्या घागरी घेऊन कोण धावलं?"

साऱ्यांच्या नजरा गाठोडीवाल्यांकडे वळल्या. त्यांच्यातला एक कुंभार होता, त्याच्या हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते. राजाने ते पाहिले आणि त्याचा आवाज जरा उतरला.

"तेव्हा मी कुठे होतो?" त्याने विचारलं.

"आपण आजोळी आमरस खायला गेला होतात."

आधी पडद्याआडून हसू फुटलं. राजाने ओठ घट्ट मिटून पाहिले, पण काही उपयोग झाला नाही. तो इतका हसला की पागोटं सुटून मांडीवर आलं. ते तसंच हातात धरून त्याने दवंडी मागे घेतली, कुंभाराला गाठोडं सोडायला सांगितलं, आणि आपल्या गोठ्यातली सगळ्यांत दुभती म्हैस सोडून ठकूच्या हाती तिचं दावं दिलं.