पारावरचा न्याय आणि दुरडीतला सरडा

फार जुनी गोष्ट. वैद्य दहा कोसांवर असायचा, तेव्हाची. एका गावात पाराशेजारी औषधी झाडांची बाग होती. शेवंती ती राखायची आणि रोज तिथली तुळस खुडून आजारी आईसाठी खोकल्याचा काढा उकळायची.

एकदा तुळशीच्या पानांची चाळण होऊ लागली. लोकांना झाडात सरडा दिसला. त्यांनी तो दुरडीखाली डांबून पंचांपुढे आणला.

गावची रीत अशी, की निवाडा होईपर्यंत पंचांनी पार सोडायचा नाही.

“चोर हाच,” थोरले पंच म्हणाले. “रोज तुळशीत दिसतो.”

“पान खाताना दिसला का?” शेवंतीनं विचारलं.

“मग तुळशीत कशाला जातो? पूजेला?”

सगळे हसले. दुरडीतून सरडा ओरडला, “अहो, मी पाला खात नाही! अळ्या खातो!”

“चोराला कोण विचारतंय?”

शेवंतीचं डोकं तापलं. “खालच्या पानांवर काळ्या लेंड्या पडल्यात. खाणारा वर लपलाय. बाग दहा पावलांवर आहे, आजोबा. उतरा, पान उलटून बघा!”

“कालची पोर आम्हाला शिकवते! हे केस काय उन्हानं पांढरे झाले?”

“केस पांढरे झाले म्हणून डोळे मिटून बसायचं?”

“सरड्याची धाव कुंपणापर्यंत,” थोरले गरजले. “टाका त्याला कुंपणाबाहेर. भोकं काट्यांनी बुजवा!”

शेवंतीनं एकटीनं पानं उलटली. मागे पानाच्याच रंगाच्या हिरव्या अळ्या चिकटल्या होत्या. ती वेचून पाण्यात टाकत राहिली. पण सरड्याचं काम दोन हातांना कसं झेपणार? आठ दिवसांत बागेत काड्या उरल्या. आईपुरतं एकच झाड वाचलं.

थंडीत थोरल्या पंचांना खोकला लागला. निकाल सांगायलाही आवाज फुटेना. काठी टेकत ते बागेत आले.

“पोरी, चार पानं दे.”

“देते. आधी वाका.”

ते वाकले. त्यांनी पान उलटलं. मागे एक अळी निवांत चरत होती.

पंचांनी ती वेचली. मग कुंपणाचे काटे स्वतः उपसले. सरडा मात्र परतला नाही. शेजारच्या गावानं त्याला कधीच ठेवून घेतलं होतं. आता अळ्या पंचच वेचतात, रोज, कंबर धरून.

लहानांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, लक्षात ठेवा: उंचावर बसलेल्याला पानाची वरचीच बाजू दिसते, खरा चोर शोधायचा तर खाली उतरून वाकावं लागतं.