स्वखुशीचे धागे

त्या राईत सगळ्यांची दारं चिखलानं लिंपलेली असत. शत्रूची भीती म्हणून नव्हे, हाळीचा वैताग म्हणून. ज्याला काही खपवायचं असेल तो चार बोरं देऊन डोमाजी कावळ्याला गाठायचा, आणि डोमाजी थवा घेऊन प्रत्येक ढोलीच्या तोंडाशी जाऊन कोकलायचा. आत कुणी झोपलेलं असो, आजारी असो, बाळंतीण असो, त्याला काय त्याचं! सशाच्या दारात तो ताजे उंदीर घ्या म्हणून ओरडायचा आणि घुबडाच्या दारात गाजरं. शेवटी राईनं दारं लिंपून घेतली. पाणवठ्यावर जाण्यापुरतं लिंपण फोडायचं, परत आलं की पुन्हा लिंपायचं.

याच राईत एक शिंपीण पाखरू राहत होतं. मूठभर जीव, पण टाका असा घालायची की बघत राहावं. हिरवी पानं शिवून, आत शेवरीचा कापूस भरून ती थंडीसाठी दुलया करायची. त्या दुलईचं एक होतं, शिवली त्याच संध्याकाळी तिच्यात कुणीतरी झोपायला हवं. मग ती अंगाचा आकार धरायची आणि थंडीभर मऊ राहायची. रिकामी राहिली तर सकाळी पापडासारखी कडक. गेल्या साली शिंपिणीनं चाळीस दुलया शिवल्या, डोमाजीकडून हाळी घातली, आणि चाळीसच्या चाळीस वाळून गेल्या. कुणी दारच उघडलं नाही.

राईचा नियम असा, की ज्याचं काम लागोपाठ दोन थंड्या वाया गेलं त्यानं आपली फांदी सोडायची. शिंपिणीची एक थंडी गेली होती. दुसरीही गेली तर तिला बाहेर माळावर जावं लागणार होतं, आणि माळावर शिवायला पानंच नव्हती.

तिनं रडारड केली नाही. दारांचा नाद सोडला आणि पाणवठ्याच्या वाटेवर, जिथून सगळे आपापल्या पायांनी जात, तिथं केळीचं अख्खं पान टांगलं. त्यावर टाक्यांनी अक्षरं काढली. नाव काय, कुळ काय, ढोली कितव्या फांदीवर, पिल्लं किती, अंगाची रुंदी किती, झोपताना शेपूट आत घेता की बाहेर ठेवता. शिंपिणीची खोडच ती, माप घेतल्याशिवाय तिचं चालायचं नाही. कासवआबा तिसऱ्या ओळीवर उभ्या उभ्या झोपले. मुंगूसवहिनीनं शेवटपर्यंत वाचलं आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "अगं बाई, दुलई देतेस की सोयरीक जमवतेस?"

शिंपीण ओशाळली. केळीचं पान उतरवून तिनं तिथं पिंपळाचं एक पान लावलं. त्यावर एवढंच होतं: दुलया शिवीन त्या दिवशी तुम्हाला कळवीन, एरवी त्रास देणार नाही. हवं असेल तर आपल्या अंथरुणातला एक धागा इथं अडकवा. खाली द्रोणात कापूस ठेवला. जो धागा देईल त्यानं थंडीनं उललेल्या पायांना बांधायला चिमूटभर घ्यावा.

पहिला धागा मुंगूसवहिनीचा आला. शिंपिणीनं त्याला आपलं सूत जोडलं आणि तिच्या दाराच्या लिंपणातल्या बारीक भोकातून त्याचं टोक आत सोडलं. पण दुसरं टोक फांदीला लगेच बांधलं नाही. एकदा हलकेच ओढून ती थांबली, धागा खरंच तुम्हीच दिलात ना, असं विचारल्यासारखी. आतून झटका आला तेव्हाच तिनं गाठ मारली. आतल्या बाजूला मात्र सरकगाठ. "कंटाळा आला तर एवढं ओढा, धागा सुटेल. मी रागवायची नाही," ती प्रत्येकाला सांगायची. दोघांनी खरंच सोडवला. तिच्या फार जिवाला लागलं, पण का म्हणून विचारायला ती गेली नाही. धन्य त्या पाखराची!

थंडी आठ दिवसांवर आली तेव्हा फांदीला एकतीस धागे होते. डोमाजी धाग्यांचा भलामोठा बिंडा घेऊन आला.

"शिंपीणबाई, एकतीस? अहो, राई हसेल! हे घ्या, हजार आहेत. लिंपणाच्या फटींत चोच घालून झोपलेल्यांच्या अंथरुणांतून उपसून आणलेत. बांधा आणि ओढा."

हजार! शिंपिणीनं बिंड्यावर चोच ठेवली. तिच्या डोळ्यांपुढे माळ उभा राहिला.

"यातल्या एकानं तरी माझं पान वाचलंय का, डोमाजी?"

"वाचायचंय कशाला त्यांनी?"

"मग राहू द्या," ती म्हणाली आणि पाठ फिरवून सूत कातायला बसली.

उत्तरेचा वारा सुटला त्या दिवशी तिनं पहाटेपासून टाके घातले. दुपारी एकतीस दुलया फांदीवर तयार होत्या. डोमाजीचा थवा त्याच वेळी कुणाची तरी शिळी बोरं ओरडत दारोदार फिरत होता, आणि एकाही दाराचा चिखल हलत नव्हता. शिंपिणीनं प्रत्येक धागा एकेकदा ओढला. बराच वेळ काही झालं नाही. पानांच्या कडा वळायला लागल्या तशी ती एकेक कड चोचीनं सपाट करू लागली.

मग बुंध्याशी चिखलाची एक खपली पडली. मुंगूसवहिनी बाहेर आली, सोबत थंडीनं कुडकुडणारी जाऊ. पाठोपाठ वरच्या ढोल्या फुटू लागल्या. एकतिसांपैकी सव्वीसजण आले, आणि त्यांनी शेजारपाजारचे ओढून आणले. कासवआबा सगळ्यांत शेवटी पोचले. त्यांच्यासाठी एक दुलई राखून ठेवली होती, ती त्यांनी तिथंच पांघरली. ऊन उतरलं तेव्हा फांदीवर एकही उरली नव्हती.

सकाळी शिंपीण आपल्याच फांदीवरून उडाली. पाणवठ्याकडे जाताना डोमाजीची ढोली लागली. त्या ढोलीचं दारही लिंपलेलं होतं, राईतल्या कुठल्याही दारापेक्षा जाड. त्या लिंपणात आतून चोचीनं नुकतंच टोकरलेलं एक भोक होतं, आणि भोकातून एक काळा धागा बाहेर लोंबत होता. शिंपीण खालच्या डहाळीवर उतरली. तिनं तो चोचीत धरला, हलकेच एकदा ओढला आणि थांबली.