देवमाशिणीची ओ

एक होता राजा, आणि त्याला वाटायची अंधाराची भीती. हसू नका, राजांनाही वाटते. मग त्यानं महालात हजार दिवे लावले. तेल कशाचं? तर देवमाशाचं. त्यासाठी त्याचं गलबत भाले घेऊन समुद्रभर फिरायचं.

त्याच समुद्राकाठी कोळ्यांचं एक गाव होतं. तिथं राहायची आवडी. भारी भित्री, बरं का. नारळ पडला तरी किंचाळायची. पण नजर घारीची! म्हणून मासेमारीच्या दिवसांत तिला कड्यावर बसवत. खाली मासळी दिसली की ती त्या बाजूला लाल फडकं हलवायची. मग होड्या तिकडं धावायच्या.

एकदा एक देवमाशीण पिल्लाला घेऊन गावच्या खाडीत आली. मागोमाग गलबत. होड्यांचा म्होरक्या, म्हातारा गोमा तांडेल गरजला, "लेकुरवाळी आहे रे ती! माहेरपणाला आलीय म्हणा. हिला मारू द्यायचं नाही!"

पहिल्या दिवशी गावानं होड्या आडव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी गलबताच्या सुकाणूत जाळं अडकवलं. तिसऱ्या दिवशी पडलं धुकं.

गोमा म्हणाला, "आवडे, वर बस. गलबत कुठं आहे तेवढं फडक्यानं दाखव. देवमाशीण दिसली, तर मात्र दगड हो, दगड!"

"हो, काका."

मग धुकं फाटलं. आणि अगदी कड्याखाली, फुस्स! पाणी उडालं. आवडी दचकली. सात वर्षांची सवय ती. हात आपसूक वर गेला. फडकं हललं, देवमाशिणीकडंच. तिनं हात झटकन मागं घेतला. पण गलबतावरच्यांनी पाहिलं होतं. एकच भाला पुरला.

आवडीला कुणी रागावलं नाही. गोमा एवढंच म्हणाला, "चल पोरी, दोन घास खा." त्यानंच तिला जास्त रडू फुटलं.

पिल्लू आईला हाका मारत राहिलं. आणि महालात दिवे लागले, तर दिव्यांतून आवाज, "ऊंऽऽ!" राजानं वैद्य आणले, थांबेना. मांत्रिक आणले, थांबेना. ही बातमी गावात पोचली, आणि मग महालात आली आवडी. पहारेकऱ्यानं भाला आपटला. ती दचकली, पण मागं फिरली नाही.

"महाराज, पिल्लू हाक मारतंय. आई तुमच्या दिव्यांतून ओ देतेय. तिला मी दाखवून दिलं. चुकले मी. तुम्ही तरी थांबा."

राजा हळूच म्हणाला, "पण मग मला अंधारात भीती वाटेल गं."

"मलाही वाटते, महाराज."

राजा उठला. मग त्यानं आपल्या हातानं एकेक दिवा विझवला. भाले मोडले. गलबत मिठाच्या वाहतुकीला लावलं.

पिल्लू दुसऱ्या देवमाशांत मिसळलं, मोठं झालं. राजा सुखी, गाव सुखी. सगळा समुद्र देवमाशांनी भरला. फक्त त्या एका खाडीत एकही देवमासा पुन्हा फिरकला नाही. आवडी म्हातारी होईपर्यंत वाट पाहत होती.

चला, पाय आत घ्या. पांघरूण ओढा. डोळे मिटा बघू.