शर्करा आंब्याची कोय

वेणुमती नगरावर मणिसेन राजाचा अंमल होता, त्या काळी बोधिसत्त्व राजउद्यानातल्या माळ्याच्या घरी शालक या नावाने जन्मला होता. उद्यानात शर्करा नावाच्या आंब्याचे एकच जुने झाड होते. तसा आंबा दुसरीकडे कुठे नव्हता.

राजाने उद्यान शालकाच्या हाती सोपवले, आणि त्याचा धाकटा भाऊ पिंगल मनातून जळू लागला. बुंध्याला भोक पाडून आत हिंग भरला की झाड मरते, असे माळ्यांच्या घरात सगळेच मानत. पिंगलने तेच केले, वर मातीचा लेप लावला आणि साळसूदपणे पाणी घालत राहिला. काय म्हणावे अशा माणसाला! झाड वाळू लागले. शालकाने शेवटच्या हिरव्या फांदीला पाच रोपे बांधून कलमे केली. त्यांतले एकच जगले.

राजा म्हणाला, "हा वंश राखलास तर उद्यान तुझे. बुडवलास तर मला तोंड दाखवू नकोस."

कोवळ्या कलमाला फळ धरू देत नाहीत. फळाच्या ओझ्याने ते खचते, म्हणून पहिली काही वर्षे मोहोर खुडून टाकतात. शालकाने दोन वर्षे तो स्वतःच्या हाताने खुडला. तिसऱ्या वर्षी कलम पुन्हा मोहोरले, तेव्हा पिंगल अंथरुणाला खिळला होता. पोटात अन्न ठरेना. वैद्यांनी हात टेकले. मोठ्या भावाला जवळ बोलावून तो एवढेच म्हणाला, "दादा, एकदा शर्करा खावासा वाटतो रे."

शालक कलमापाशी गेला. मोहोराला हात लावला आणि तसाच मागे घेतला. त्या वर्षी त्याने एक तुरा राखला. त्याला एकच फळ धरले. फांदीला टेकू दिला, मुळाशी ओलावा ठेवला, तरी पाने पिवळी पडत चालली. त्याला रडू आवरत नव्हते. कलम त्याने लेकरासारखे वाढवले होते.

आंबा पिकला. शालकाने भावाचे डोके मांडीवर घेऊन रस भरवला. दोन घोट गिळून पिंगल हुंदके देऊ लागला.

"दादा, झाडात हिंग मी भरला होता."

"ठाऊक आहे. भोकावरचा लेप तुझ्या हातचा होता. मीच शिकवला होता ना तुला?"

"मग मला कशाला दिलास हा आंबा?"

"तुला खावासा वाटला ना? खा. सावकाश."

त्याच दिवशी पिंगलने प्राण सोडला. पावसाळ्याआधी कलमही वाळले. राजाने शालकाला उद्यानातून घालवून दिले, आणि हिंग भरणाऱ्या भावाचे नाव शालकाने तेव्हाही सांगितले नाही. जाताना त्या आंब्याची कोय मात्र त्याने बरोबर नेली आणि आपल्या झोपडीशी लावली. कोयीच्या झाडाला मूळ झाडाचा गुण येईलच असे नसते. त्याचे आंबे आंबट निघाले. लोक म्हणत, "अरे, तोडून टाक की हे!" शालक म्हणे, "राहू द्या. माझ्या भावाने खाल्लेल्या आंब्याची कोय आहे ती." मरेपर्यंत तो त्याला पाणी घालत राहिला.

ही कथा सांगून शास्ते, भिक्खूंचे गुरू, म्हणाले, "भिक्खूंनो, तो राजा आज या विहाराला भिक्षा देणारा श्रेष्ठी आहे. शालक मीच होतो. आणि पिंगल म्हणजे आपल्या संघाची निंदा करणारा तो भिक्खू, ज्याच्या चितेपाशी आज सकाळी तुमच्यापैकी कोणीही आले नाही. त्या जन्मी मी क्षमेची पारमिता, म्हणजे परिपूर्ण क्षमा, पाळली होती."

भिक्खूंच्या माना खाली गेल्या. मग एकेक जण उठला आणि स्मशानाच्या वाटेला लागला.